प्रोसेसरला फ्रिजचा कंप्रेसर जोडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी संगणकाचा माणूस, गॅसकामाचा नाही. ओव्हरक्लॉकिंगचं, म्हणजे प्रोसेसर ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याचं, वेड जुनं आहे, पण कंप्रेसर, कॅपिलरी, गेज या गोष्टी मी शिकलो त्या आमच्या पेठेतल्या फ्रिज-एसी दुरुस्त करणाऱ्या काकांच्या दुकानात स्टुलावर बसून. आजवर दोन यंत्रणा बांधल्या. एक पाणी गार करणारा चिलर, दुसरी प्रोसेसरवर थेट बसणारी. दुसरीने एक मदरबोर्ड खाल्ला. तेव्हापासून जे प्रश्न मला विचारले जातात, त्यांची उत्तरं एकदाची लिहून काढतो आहे.

नेमकं करायचं काय असतं?

फ्रिजमध्ये जे चालतं तेच, फक्त भाजीच्या जागी प्रोसेसर. कंप्रेसर गॅस दाबतो, दाबला की तो तापतो. कंडेन्सरमध्ये पंख्याच्या वाऱ्यावर तो निवतो आणि द्रव होतो. मग फिल्टरमधून गाळून कॅपिलरी नावाच्या एका बारीक नळीतून जातो आणि तिथे त्याचा दाब उतरतो. पुढे प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवलेला असतो, त्यात हा द्रव उकळतो. माठ पाझरतो म्हणून पाणी गार होतं, तोच हिशोब. उकळायला लागणारी उष्णता तो प्रोसेसरकडून ओढून घेतो आणि वाफ होऊन पुन्हा कंप्रेसरकडे येतो. इंग्रजीत याला फेज चेंज म्हणतात. नीट जमलं तर भार असतानाही ठोकळ्याचं तापमान उणे ३०-४० अंशांवर राहतं.

एवढी खटपट कशाला? पीसीच उचलून फ्रिजमध्ये ठेवला तर?

हा प्रश्न विचारला नाही असा माणूस मला अजून भेटायचाय.

घरगुती फ्रिजचा कंप्रेसर साधारण एक अष्टमांश ते एक षष्ठांश अश्वशक्तीचा असतो. तो शे-दीडशे वॅट उष्णता बाहेर काढू शकतो, तीही मध्ये विश्रांती घेत. पातेलंभर गरम आमटी ठेवली तरी त्याला घाम फुटतो. इंटेलच्या आय-नाइन १३९००-के किंवा १४९००-के प्रोसेसरची कमाल टर्बो पॉवर २५३ वॅट आहे. त्यात ग्राफिक्स कार्ड मिळवा. बंद पेटीत चारशे-पाचशे वॅटचा हीटर सतत चालू ठेवल्यासारखं होतं. कंप्रेसर थांबणार नाही, फ्रिजच्या आत खोलीपेक्षा जास्त उकडेल आणि शेवटी ओव्हरलोड, म्हणजे कंप्रेसर फार तापला की वीज तोडणारा स्विच, ट्रिप होईल. वर, दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरून बोर्डावर पाणी धरणार ते वेगळंच.

यातून मिळतं काय?

सिलिकॉन जितकं थंड, तितकी त्यातली वीजगळती कमी. शिवाय धातूच्या तारांचा रोधही उतरतो. त्यामुळे त्याच व्होल्टेजवर प्रोसेसर जास्त वेगाने स्थिर चालतो. आणि व्होल्टेज वाढवलं तर उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, ती उचलायला साध्या पंख्यापेक्षा दांडगं काहीतरी लागतं.

एकेकाळी याला मोठी किंमत होती. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायनातली क्रायोटेक ही कंपनी कंप्रेसर बसवलेले पीसी तयारच विकायची. २००० सालाच्या सुरुवातीला तिने एएमडीचा अ‍ॅथलॉन थंड करून १ गिगाहर्ट्झचा संगणक बाजारात आणला. एएमडीचा स्वतःचा १ गिगाहर्ट्झ अ‍ॅथलॉन त्यानंतर, मार्च २००० मध्ये आला. डेन्मार्कच्या अ‍ॅसेटेकची सुरुवातही व्हेपोचिल नावाच्या अशाच कंप्रेसरवाल्या पेटीतून झाली. आज लोक प्रोसेसरसाठी बाजारातून जे तयार वॉटर कूलर आणतात, त्यांतल्या कितीतरींचा पंप याच कंपनीचा असतो.

आता चित्र पालटलंय. आजचे प्रोसेसर कारखान्यातूनच आपल्या मर्यादेच्या काठावर पळत येतात, त्यामुळे उरलेली कमाई थोडी. विक्रम करणारे द्रवरूप नायट्रोजन वापरतात, तो उणे १९६ अंशांना उकळतो. २०१४ मध्ये एएमडीचा एफएक्स-८३७० त्यावर ८.७ गिगाहर्ट्झच्या पुढे गेला, आणि २०२२ मध्ये १३९००-के ने ९ गिगाहर्ट्झ ओलांडले ते द्रवरूप हेलियमवर. पण नायट्रोजन ओतत बसावं लागतं, तासाभरात थर्मास रिकामा. कंप्रेसर बटण दाबलं की चालतो आणि रात्रभर चालतो. गेममध्ये पाच-दहा फ्रेम वाढाव्यात एवढ्यासाठीच हे करायचं असेल, तर करू नका. हे यंत्र बांधण्याच्या हौसेचं काम आहे.

पहिल्यांदा बांधतोय. थेट प्रोसेसरवर की पाण्याचा चिलर?

चिलर. डोळे मिटून चिलर.

जुना विंडो एसी घ्यायचा. त्याचं गॅसचं सर्किट बंदच ठेवायचं, कुठेही कापायचं नाही. थंड कॉइल नळ्यांना दुमड न पडू देता हळूहळू वाकवून बाहेर आणायची आणि थर्माकोलच्या जाड पेटीत किंवा पिकनिकच्या आइसबॉक्समध्ये पाण्यात बुडवायची. ते पाणी पंपाने प्रोसेसरवर बसणाऱ्या नेहमीच्या वॉटर ब्लॉकमधून फिरवायचं. ना ब्रेझिंग (टॉर्चने तापवून नळ्या जोडणं), ना गॅस भरणं. बिघडलं तर एसी गेला, पीसी वाचला.

पेटी मोठी घ्या, याचं कारण आकड्यांत सांगतो. पाऊण टनाचा एसी सुमारे २६०० वॅट उष्णता ओढतो आणि तुमचा पीसी देणार ६००. उरलेल्या २००० वॅटमध्ये ४० लिटर पाणी दीड मिनिटाला जवळपास एक अंश उतरतं. तीन अंशांचा फरक ठेवून थर्मोस्टॅट लावला तर कंप्रेसर चारेक मिनिटं चालेल आणि चौदा मिनिटं बंद राहील. हे त्याला मानवतं. तेच पाणी पाच लिटर घेतलंत तर अर्ध्या मिनिटात बंद, पावणेदोन मिनिटांत परत चालू. असं आठवडाभर चाललं की कंप्रेसरला रामराम.

थर्मोस्टॅट म्हणून एसटीसी-१००० नावाचा स्वस्त डिजिटल कंट्रोलर चालतो, त्यात कंप्रेसरसाठी उशिरा चालू करण्याची सोयही असते. मात्र त्याचा रिले एसीच्या कंप्रेसरचा सुरुवातीचा झटका सोसत नाही, मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा प्रवाह सोसणारा रिले, लावा. पाण्यात गाडीच्या रेडिएटरचं कूलंट घाला. कॉइलचे पत्रे अ‍ॅल्युमिनियमचे, तुमचा वॉटर ब्लॉक तांब्याचा. साध्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना खातात.

कमी लेखू नका याला. २०१८ च्या जूनमध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात इंटेलने २८ कोअरचा प्रोसेसर ५ गिगाहर्ट्झवर पळवून टाळ्या घेतल्या. नंतर उघड झालं की टेबलाखाली एक अश्वशक्तीचा वॉटर चिलर दडवला होता, हायलिया कंपनीचा, मत्स्यालयाच्या धंद्यातला.

मग दव? सगळे दवाची भीती घालतात.

घालायलाच हवी. थंडी निर्माण करणं हे या कामातलं सोपं अंग आहे. हवेतलं पाणी आवरणं हे खरं काम.

आजूबाजूची हवा ज्या तापमानाला पाणी सोडायला लागते तो दवबिंदू. त्याच्याखाली गेलेली कुठलीही वस्तू ओली होणार, मग ती ताकाचा ग्लास असो की मदरबोर्ड. आणि आपल्याकडे हा बिंदू गावागणिक आणि महिन्यागणिक उड्या मारतो. एप्रिलमध्ये पुण्यात दुपारी ३५ अंश तापमान आणि २५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू सुमारे १२ अंश. चिलरचं पाणी १४ वर ठेवलं की कुठेही थेंब नाही, इन्सुलेशनचीही गरज नाही. तोच चिलर घेऊन पावसाळ्यात मुंबईला, रत्नागिरीला किंवा पणजीला जा. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला दवबिंदू २६ अंशांवर जातो. म्हणजे पाणी २७-२८ च्या खाली नेता येत नाही. मग चिलरची गंमत ती काय उरली?

कोकणपट्टीतल्यांना उपाय एकच, पीसी एसीच्या खोलीत ठेवा. २४ अंश आणि ५० टक्क्यांना दवबिंदू १३ च्या आसपास येतो. तीन-चारशे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा मीटर भिंतीला लावा, आणि चिलरचं तापमान अंदाजाने ठरवू नका, त्या मीटरकडे बघून ठरवा. मी दवबिंदूच्या दोन अंश वर थांबतो.

थेट यंत्रणेत दवबिंदूच्या वर राहणं शक्यच नाही. तिथे हवेलाच आत येऊ द्यायचं नाही. जाडीपेक्षा हवाबंदपणा महत्त्वाचा, हे मला बोर्ड जाळून कळलं. इंचभर जाड फोम लावला होता, पण सॉकेटच्या कोपऱ्यात नखाएवढी फट राहिली. तिथून हवा शिरत राहिली आणि आत बर्फ साठत गेला. पीसी चालू असताना काहीच झालं नाही, कारण बर्फ वीज वाहत नाही. रात्री बंद केला, बर्फ वितळला, सकाळी चालू केला आणि धूर.

तेव्हापासूनची रीत अशी. सॉकेटच्या खाचांमध्ये डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणारं, ग्रीस. सॉकेटभोवतीच्या पट्ट्यावर, पुढून आणि मागून, कॉन्फॉर्मल कोटिंगचे, म्हणजे बोर्डाला ओल लागू न देणाऱ्या वार्निशचे, दोन हात. त्यावर एसीच्या नळ्यांना गुंडाळतात तो काळा नायट्राइल रबरचा फोम, बंद छिद्रांचाच, प्रत्येक कपॅसिटरच्या आकाराने कापून. स्पंज चालत नाही, तो पाणी पितो. बोर्डाच्या मागच्या बाजूलाही तेवढाच थर, कारण थंडी आरपार जाते. त्या मागच्या थराबाहेर मी एक छोटा पट्टीचा हीटर ठेवतो, आठ-दहा वॅटचा. आणि बंद केल्यावर लगेच उठून जात नाही. टेबलफॅन लावतो, दोन तास.

कंप्रेसर कुठला घेऊ?

थेट यंत्रणेसाठी एक तृतीयांश ते अर्धी अश्वशक्ती, आणि कमी तापमानासाठी बनवलेला, म्हणजे डीप फ्रीझरचा किंवा आइस्क्रीमच्या पेटीचा. नुसती अश्वशक्ती बघून फसू नका. एसीचा किंवा पिण्याच्या पाण्याच्या कूलरचा कंप्रेसर ज्या तापमानासाठी बनलेला असतो, ते शून्याच्या वर असतं. त्याला उणे ४० वर राबवलं तर परत येणारा गॅस इतका विरळ असतो की मोटर निवत नाही. मोटर निवते ती त्याच गॅसवर. शिवाय दाबाचं गुणोत्तर फार वाढतं, गॅस बाहेर पडताना भाजून निघतो आणि तेल करपतं.

भंगारातला घ्यायचा असेल तर घेण्याआधी तीन गोष्टी बघा. मोटरचे तीनही टोकांमधले ओहम, बॉडीला अर्थ होतोय का, आणि नळीवर अंगठा ठेवल्यावर दाब धरतो का. तेलाचा थेंब बोटावर घेऊन हुंगा. जळका, आंबट वास आला तर तो कंप्रेसर पुण्याच्या जुन्या बाजारात परत ठेवून या, कितीही स्वस्त असला तरी. त्या तेलातलं आम्ल नव्या यंत्रणेलाही खाईल.

सगळ्यांनाच ठाऊक नसतं म्हणून सांगतो, कंप्रेसर बनवण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. किर्लोस्कर कोपलँडचे कंप्रेसर साताऱ्याजवळच्या कराडचे. जुन्या मेकॅनिकांकडे ते अजून निघतात.

गॅस कुठला भरायचा?

वातावरणाच्या दाबाला गॅस किती अंशांना उकळतो, यावर निवड ठरते. आर-१३४-ए उणे २६, आर-२२ उणे ४१, आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन उणे ४२, आर-४०४-ए उणे ४६. आजच्या छोट्या फ्रिजमध्ये असतो तो आर-६००-ए फक्त उणे १२, आपल्या कामाचा नाही.

शिकायला आर-१३४-ए बरा. सहज मिळतो, पेटत नाही, दाबही कमी. कंडेन्सर ४५ अंशांवर असताना गेज, म्हणजे दाबाचा काटा, १५०-१५५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाखवतं, प्रोपेनला साधारण २०५ आणि आर-४०४-ए ला २८० च्या पुढे. पण उणे २६ च्या खाली जायला लागलं की आर-१३४-ए ची परतीची बाजू निर्वातात जाते. तिथे लिकेज असलं तर गॅस बाहेर येत नाही, बाहेरची हवा आणि बाष्प आत ओढलं जातं, आणि कळतही नाही.

कामगिरीला प्रोपेन उत्तम. कमी वजनात जास्त उष्णता उचलतो, खनिज तेलाशी त्याचं जमतं आणि पृथ्वी तापवण्यात त्याचा वाटा नगण्य. गोदरेजने २०१२ पासून प्रोपेनवर चालणारे एसी आपल्याकडे विकले आहेत, तेव्हा तो भुताखेताचा गॅस नाही. पण पेटतो. हवेत २.१ टक्के झाला की ठिणगी पुरते. घरगुती फ्रिजच्या मानकात ज्वलनशील गॅसची मर्यादा १५० ग्रॅम आहे आणि आपल्याला त्याच्या निम्माच लागतो. दहा बाय दहाच्या खोलीत १५० ग्रॅम पूर्ण मिसळला तरी पेटण्याच्या मर्यादेच्या बराच खाली राहतो. अडचण अशी की तो मिसळत नाही. हवेपेक्षा जड असल्याने तळाशी, कॅबिनेटच्या कोपऱ्यात साठतो, आणि नेमका तिथेच कंप्रेसरचा रिले टकटक करत असतो. म्हणून प्रोपेनवाली पेटी खालून जाळीची हवी. आणि प्रोपेन भरलेल्या नळीला कधीही टॉर्च लावायची नाही. आधी मोकळ्या हवेत रिकामी करायची, मग कटरने कापायची.

तेलाचं एक लक्षात ठेवा. आर-१३४-ए आणि आर-४०४-ए ला पॉलिएस्टर तेल लागतं, जुन्या आर-१२ किंवा आर-२२ च्या कंप्रेसरमध्ये खनिज तेल असतं. पॉलिएस्टर तेल हवेतली ओल पापडासारखी ओढतं. डबा उघडला की लगेच बंद.

स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस चालेल का? तोही प्रोपेनच ना?

नाही. तो प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतो आणि प्रमाण ठरलेलं नसतं, त्यामुळे किती थंड होईल याचा भरवसा नाही. त्यात वास यावा म्हणून घातलेलं गंधकाचं रसायन असतं आणि ओल असते, जी कॅपिलरीत गोठून चोकअप करते. शिवाय घरात १४.२ किलोच्या सिलिंडरवर असले प्रयोग करू नयेत हे सांगायची वेळ माझ्यावर येऊ नये.

तांब्याचा ठोकळा कसा बनवायचा?

५० मिलिमीटर व्यासाची तांब्याची सळई, ४० मिलिमीटर लांब. भोसरीत कुठल्याही लेथवाल्याकडे जा, पण आधी सांगून ठेवा की तांबं आहे. ते चिकट असतं, टूलला धरतं, आणि काही जण सरळ नाही म्हणतात. आतून नागमोडी किंवा चक्राकार खाच पाडायची. हेतू असा की द्रव तळाच्या मध्यभागी, जिथे प्रोसेसर बसतो तिथे आधी आदळावा आणि बाहेर पडेपर्यंत शक्य तेवढ्या भिंतींना घासत जावा. तळ चार-पाच मिलिमीटर जाड ठेवा. शेवटी काचेवर पॉलिश पेपर ठेवून तळ सपाट घासा.

परतीच्या नळीसाठी स्टीलची लवचीक, वळ्यांची होज घ्या, कडक नळी बोर्ड वाकवते. आणि कॅपिलरी त्या होजच्या आतूनच न्या. दिसायला सुबक होतंच, शिवाय परतणाऱ्या थंड वाफेने कॅपिलरीतला द्रव आणखी निवतो. मात्र जिथे कॅपिलरी आत शिरते त्या सांध्याला माझ्याकडून तीनदा लिकेज राहिलं होतं.

कॅपिलरी किती लांब?

अर्धं शास्त्र, अर्धं नशीब. एक तृतीयांश अश्वशक्ती, प्रोपेन आणि २०० वॅटच्या भाराला मी ०.०३१ इंच आतल्या व्यासाची तीन मीटर लांब घेऊन सुरुवात करतो. लांबच घ्या, कापता येते, जोडता येत नाही. लांबीपेक्षा व्यासाचा परिणाम फार मोठा, त्यामुळे दुकानदाराने ‘३१ नाही, ३६ घ्या, काही फरक पडत नाही’ म्हटलं तर उठून या. कापताना कटरने दाबू नका, तोंड चेपतं. कानशीने रेघ पाडा आणि वाकवून मोडा.

ब्रेझिंग आणि व्हॅक्यूम घरी जमेल?

ब्रेझिंग मेकॅनिककडून करून घ्या, किंवा त्याच्या शेजारी उभं राहून शिका. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशनचा ट्रेड केलेली पोरं यात तयार असतात. तांब्याला तांबं जोडायला फॉस्फरसवाला रॉड चालतो. तांब्याला स्टील जोडताना, म्हणजे होजच्या टोकाला आणि कित्येकदा कंप्रेसरच्या नळीलाही, चांदीचा रॉड आणि फ्लक्सच लागतो, नाहीतर सांधा काचेसारखा तुटतो. ब्रेझिंग चालू असताना नळीतून नायट्रोजनची हलकी झुळूक सोडा, नाहीतर आत काळी पापडी धरते आणि कॅपिलरीच्या तोंडाशी जाऊन बसते.

दाबाची चाचणी कोरड्या नायट्रोजननेच, साबणाचं पाणी लावून, आणि रात्रभर तशीच ठेवून. ऑक्सिजनने कधीच नाही. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो, आणि घाईत ब्रेझिंगचाच सिलिंडर लावणारे लोक असतात.

व्हॅक्यूमला काटकसर नको. जुना फ्रिजचा कंप्रेसर उलटा लावून ‘व्हॅक्यूम झाला’ म्हणणारे खूप आहेत, पण तो पुरेसा खोल ओढत नाही. खरा पंप लावून ५०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे पाऱ्याच्या अर्ध्या मिलिमीटरएवढ्या दाबापर्यंत, गेलात तर आतलं पाणी उणे २४ अंशांनाही उडून जातं. मग पंप बंद करून अर्धा तास बघा. काटा वर चढत राहिला तर एकतर लिकेज, नाहीतर ओल.

गॅस किती भरायचा? इथेच सगळे अडकतात.

अडकणारच, कारण फ्रिजवर लिहिलेला असतो तसा आकडा इथे कुठेच नसतो. आणि प्रोसेसर लावून गॅस भरणं म्हणजे आंधळी कोशिंबीर. म्हणून आधी नकली प्रोसेसर बनवा. तांब्याचा एक चौकोनी तुकडा, त्यात भोकं पाडून दोन कार्ट्रिज हीटर, आणि पंख्याच्या रेग्युलेटरसारखा पण जास्त वॅटचा डिमर. वॅटमीटरवर बघून हवा तो भार देता येतो. ठोकळ्याच्या तळाला तापमान मोजणारा एक के प्रकारचा थर्मोकपल, आणि दुसरा कंप्रेसरकडे परतणाऱ्या नळीवर.

प्रोपेन असेल तर एका ग्रॅमचा फरक दाखवणाऱ्या काट्यावर कॅन ठेवा. ३० ग्रॅम भरा, २०० वॅट द्या, दहा मिनिटं थांबा. ठोकळा थंड होत जाईल पण परतीची नळी कोमट असेल, म्हणजे गॅस कमी आहे, वाटेतच उकळून संपतोय. पाच-पाच ग्रॅम वाढवत जा. प्रत्येक वेळी दहा मिनिटं, घाई करू नका. परतीच्या नळीवर दव, मग बर्फ हळूहळू कंप्रेसरकडे सरकत येईल. बर्फ कंप्रेसरच्या अलीकडे वीतभर थांबला पाहिजे. तिथे वाफेचं तापमान उकळण्याच्या तापमानापेक्षा सहा-आठ अंश जास्त असतं आणि द्रवाचा थेंबही कंप्रेसरमध्ये जात नाही.

मग हीटर बंद करा. ही परीक्षा कुणीच घेत नाही. पीसी नुसता बसलेला असताना ३०-४० वॅटच देतो, तेव्हा तोच गॅस उकळायला उष्णता नसते, द्रव तसाच परत येतो आणि कंप्रेसरचं डोकं बर्फाने पांढरं होतं. कंप्रेसर वाफ दाबायला बनलेला असतो, द्रव दाबला जात नाही, व्हॉल्व्हची पत्तीच तुटते. यासाठी परतीच्या वाटेवर अ‍ॅक्युम्युलेटर हवाच, म्हणजे एक छोटा उभा डबा, द्रव तळाशी राहतो आणि वाफ पुढे जाते. तोही पुरला नाही तर थोडा गॅस कमी करा आणि भर भाराखाली दोन-तीन अंश सोडून द्या.

लाइट गेली की काय?

पीसी लगेच बंद झाला पाहिजे, त्याची चिंता नाही, तो होतोच. चिंता लाइट परत येते तेव्हाची. कॅपिलरीच्या यंत्रणेत दोन्ही बाजूंचे दाब सारखे व्हायला तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधी कंप्रेसरला वीज मिळाली तर तो गुरगुरतो, फिरत नाही, ओव्हरलोड तुटतो. लोडशेडिंगच्या गावात लाइट तीनदा ये-जा करते आणि तेवढ्यात वाइंडिंग जातं. पाच मिनिटांचा टाइम डिले असलेला स्टॅबिलायझर लावा, फ्रिजला लावतात तसा.

क्रमही पाळा. आधी कंप्रेसर, ठोकळा उणे २० ला गेला की मग पीसी. बंद करताना उलटं.

पीसी उणे ४० ला चालूच होत नाही, पण उणे २० ला होतो. काय बिघडलं?

काही नाही. काही प्रोसेसर एका ठरावीक थंडीखाली उठतच नाहीत, त्याला कोल्ड बग म्हणतात. बायोस अपडेटने कधी सुटतो, कधी नाही. आणि प्रोसेसरचा स्वतःचा सेन्सर शून्याखाली काहीही सांगतो, त्यावर विश्वास ठेवू नका, थर्मोकपलकडे बघा. थर्मल पेस्टही तपासा, काही पेस्टी थंडीत कडक होऊन तडकतात.

वीजबिल?

उणे ४० ला २०० वॅट ओढायला जवळपास तेवढीच किंवा थोडी जास्त वीज कंप्रेसर खातो. पंखे, हीटर धरून ३०० वॅट समजा. रोज चार तास म्हणजे सव्वा युनिट. बिलापेक्षा खोलीचं बघा. प्रोसेसरची उष्णता अधिक कंप्रेसरची, सगळी तुमच्याच खोलीत. मे महिन्यात कंडेन्सर तापतो, दाब चढतो, थंडी उतरते. माझी यंत्रणा जानेवारीत उणे ४१ दाखवते आणि मेमध्ये उणे ३४. आवाज जुन्या फ्रिजएवढा. आईच्या मते त्याहून जास्त.

पेल्टिअर का नाही? त्यात गॅस नाही, कटकट नाही.

पेल्टिअर म्हणजे वीज दिली की एका बाजूने थंड आणि दुसऱ्या बाजूने गरम होणारी चकती. लहान भाराला ठीक. मोठ्या भाराला तो जेवढी उष्णता ओढतो त्याहून जास्त वीज खातो आणि ती सगळी उष्णता परत वॉटर कूलरलाच उचलावी लागते. इंटेल आणि कूलर मास्टरने २०२० मध्ये दहाव्या पिढीसाठी असा तयार कूलर काढला होता. त्यात दवबिंदूवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर होतं, ही कल्पना मात्र उचलण्यासारखी.

उरलेला गॅस सोडून दिला तर चालतं का?

प्रोपेन मोकळ्या हवेत, ज्योतीपासून लांब, सोडता येतो. आर-४०४-ए सोडू नका. त्याचा एक किलो सुमारे चार टन कार्बन डायऑक्साइडएवढी धग धरतो. मेकॅनिककडे रिकव्हरी मशीन असेल तर त्याला द्या. अमेरिकेत असाल तर प्रोपेनखेरीज असले गॅस हाताळायला परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो आणि ते हवेत सोडणं गुन्हा आहे. आपल्याकडे आर-२२ चा वापर २०३० पर्यंत संपवायचा आहे आणि पृथ्वी तापवणारे असे गॅस टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या किगाली कराराला २०२१ मध्ये भारताने मान्यता दिल्यामुळे आर-१३४-ए, आर-४०४-ए यांचाही पुरवठा पुढे आटत जाणार. नवीन काही बांधत असाल तर हा हिशोब धरून बांधा.

दोन महिने गावाला चाललोय. तशीच ठेवू?

ठोकळा प्रोसेसरवरून काढा. फोम उलगडून पूर्ण वाळवा, सॉकेटमधलं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि बोर्ड सिलिका जेलच्या पुड्या टाकून डब्यात बंद करा. यंत्रणेतला गॅस तसाच राहू दे. परत आल्यावर चालू करण्याआधी गेज बघा. प्रोपेन आणि ३० अंशांची खोली असेल, आणि आत द्रव शिल्लक राहण्याइतका गॅस असेल, तर काटा १४० पीएसआयच्या आसपास दिसतो. पण आपला भरणा इतका थोडा असतो की बंद यंत्रणेत बहुतेक सगळ्याची वाफच होते आणि काटा त्याहून बराच खाली थांबतो. म्हणून गॅस भरला त्या दिवशी, यंत्रणा रात्रभर बंद राहिल्यावर गेजने दाखवलेला आकडा कंप्रेसरवरच मार्करने लिहून ठेवा, आणि तो तापमानासकट. माझ्या कंप्रेसरवर २७ अंशांना ६२ लिहिलंय. गावाहून आलो की आधी तो वाचतो, मग चप्पल काढतो.